नाला ते माथा: भूजल पातळीसाठी सांत घटक पद्धत (प्रकल्प नोंदी)

६ ऑक्टोबर

यवतमाळ जिल्ह्यातला बेसाल्टचा भाग. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली पक्का खडक. पाणी राहते ते मुरमात आणि खडकाच्या वरच्या भेगांत. नाल्यावर सिमेंटचा बंधारा आहे आणि तिथून ४०० मीटर चढावर पाणलोटाचा माथा. या दोहोंमधल्या वावरांखाली पाण्याची पातळी कुठे किती असते आणि पाऊस थांबल्यावर ती किती वेगाने उतरते, हे काढायचे आहे. हरभऱ्याला दोन ओलिते मिळतील की तीन, ते या वेगावर ठरते.

समीकरण जुनेच. पाणी उताराच्या प्रमाणात वाहते, हा डार्सीचा १८५६ चा नियम. वरून जेवढे मुरते तेवढे बाजूने वाहून गेले पाहिजे, हा हिशेब. दोन्ही जोडले की:

−(प · उ′)′ = भ

उ म्हणजे बंधाऱ्यातल्या पाण्यापासून वर मोजलेली भूजल पातळी, मीटरमध्ये. प म्हणजे मुरमाच्या थराची पाणी वाहून नेण्याची क्षमता: पाझराचा वेग गुणिले थराची जाडी, चौरस मीटर प्रतिदिन. भ म्हणजे पावसाचे भरण, मीटर प्रतिदिन. अक्षरावरची रेघ म्हणजे नाल्यापासूनच्या अंतराच्या, म्हणजे क्षच्या, संदर्भातले विकलन. सीमा अटी दोन: नाल्याशी उ = ०, आणि माथ्यावर प · उ′ = ०, कारण माथ्यावर पाणी दोन्हीकडे वाटले जाते, तो ओलांडून काही जात नाही.

आकडे: प = १०, भ = ०.०००२ (वर्षाला ७३ मिमी), अंतर ४००. मुरमाळ बेसाल्टच्या आवाक्यातले आहेत, पण मुद्दाम गोल धरले, म्हणजे प्रत्येक पायरी वहीत पडताळता येते. याचे नेमके उत्तर हातानेच निघते: उ = (भ/प)(४००क्ष − क्ष²/२). म्हणजे १००, २००, ३००, ४०० मीटरवर अनुक्रमे ०.७०, १.२०, १.५०, १.६० मीटर. सांत घटक पद्धत म्हणजे अंतराचे तुकडे (घटक) पाडायचे, प्रत्येकावर साधे सरळ उत्तर धरायचे आणि ते जोडायचे. तिचा कोड आधी याच प्रश्नावर चालवायचा. ज्याचे उत्तर माहीत आहे ते जमल्याशिवाय खऱ्या वावराकडे वळायचे नाही.

९ ऑक्टोबर

विहिरींच्या पातळ्या पहाटे घ्यायच्या, लाइन येऊन मोटारी सुरू होण्याआधी. टेप नेहमी कठड्याच्या एकाच खुणेपासून सोडायचा, खूण ऑइल पेंटने करून ठेवायची. सगळ्या खुणा बंधाऱ्याच्या माथ्याशी जोडून घ्यायच्या. त्यासाठी गवंड्याची पाण्याची नळी पुरते, पण नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर दोन टोके जुळत नाहीत, आणि टप्प्याटप्प्याने ४०० मीटर जाताना चूक साठत जाते. म्हणून जाऊन परत यायचे आणि सुरुवातीच्या खुणेवर किती फरक पडतो ते लिहायचे. पूर्ण पातळीच १.६० मीटर आहे. तिथे १० सेंमीची चूक म्हणजे सगळे मुसळ केरात.

भरण वर्षभर सारखे नसते. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, पहिला पाऊस त्यांतून थेट खाली जातो. माती फुगून भेगा मिटल्या की मुरणे मंदावते. स्थिर गणितात फक्त सरासरी धरली आहे.

१२ ऑक्टोबर

समीकरण प्रत्येक बिंदूवर पाळण्याचा हट्ट इथे सोडायचा. नाल्याशी शून्य असलेले कुठलेही चाचणी फलन व घ्या, समीकरणाला त्याने गुणा, ० ते ४०० संकलन करा आणि डाव्या बाजूला खंडशः संकलन लावा. उरते:

∫ प · उ′ · व′ = ∫ भ · व

सीमेवरची दोन्ही पदे गळाली: नाल्याशी व शून्य, माथ्यावर प · उ′ शून्य. हा वीक फॉर्म, म्हणजे समीकरण बिंदूबिंदूवर नव्हे तर संकलनात पाळणारे रूप.

याने दोन गोष्टी साधतात. उचे दुसरे विकलन गेले, त्यामुळे सरळ तुकडे जोडून केलेले उत्तर चालते. मूळ समीकरणात ते चाललेच नसते, कारण सरळ रेषेचे दुसरे विकलन शून्य आणि उजवीकडे तर भ बसलेला. दुसरे, माथ्याची अट कुठेही वेगळी लिहावी लागली नाही. पण नवशिके इथेच फसतात: ज्या टोकाला आपण काहीच लिहीत नाही तिथे गणिताने पाणी अडवणारी भिंत उभी केलेली असते. खरे टोक दुसऱ्या नाल्याला भिडत असेल तर उत्तर दिसायला गुळगुळीत येते आणि पूर्ण चुकते.

चाचणीची फलने आणि उत्तराची फलने एकाच कुळातली घ्यायची, ही गालर्किनची १९१५ ची रीत. तुकड्यातुकड्यांनी सरळ फलने त्रिकोणांवर कुरांटने १९४३ मध्ये वापरली. ‘फायनाइट एलिमेंट’ (सांत घटक) हे नाव क्लफने १९६० मध्ये दिले.

१३ ऑक्टोबर

४०० मीटरचे चार घटक, प्रत्येकी १०० मीटर. नोड, म्हणजे घटकांची टोके, पाच: ०, १, २, ३, ४. प्रत्येक नोडचे एक तंबूसारखे फलन: स्वतःच्या नोडवर १, शेजारच्या नोडपर्यंत उतरत ०, पुढे सगळीकडे ०. उत्तर म्हणजे या तंबूंची बेरीज, आणि प्रत्येक तंबूची उंची हीच त्या नोडची पातळी.

एका घटकात फलनाचा उतार +१/१०० किंवा −१/१००. म्हणून घटकाचा स्टिफनेस मॅट्रिक्स (दोन टोकांच्या पातळ्यांवरून प्रवाह देणारा आकड्यांचा तक्ता):

(प/१००) × [ १ −१, −१ १ ], म्हणजे ०.१ × [ १ −१, −१ १ ]

घटकावर पडणारे भरण ०.०००२ × १०० = ०.०२. ते दोन टोकांना अर्धे अर्धे, प्रत्येकी ०.०१.

जोडणी करताना दोन घटकांना सामाईक नोडवर दोघांचे हिस्से मिळवायचे. नाल्याच्या नोडची पातळी माहीत आहे, म्हणून ओळ ० बाजूला काढायची. फेकायची मात्र नाही, ती १५ तारखेला लागेल. उरते:

०.२ उ१ − ०.१ उ२ = ०.०२
−०.१ उ१ + ०.२ उ२ − ०.१ उ३ = ०.०२
−०.१ उ२ + ०.२ उ३ − ०.१ उ४ = ०.०२
−०.१ उ३ + ०.१ उ४ = ०.०१

खालून वर सोडवा. शेवटची ओळ सांगते उ४ − उ३ = ०.१. तिच्या वरची: उ३ − उ२ = ०.३. मग ०.५, मग ०.७. पातळ्या ०.७०, १.२०, १.५०, १.६०, म्हणजे नोडवर नेमक्या उत्तराइतक्याच.

प्रत्येक ओळ त्या नोडच्या वाट्याच्या जमिनीचा पाण्याचा ताळेबंद आहे: डावीकडे शेजारच्यांकडे गेलेले, उजवीकडे वरून आलेले. अशा नजरेने पाहिले की चुका लपत नाहीत. सर्वांत नेहमीची चूक माथ्याच्या नोडवर होते. त्याला एकच घटक लागून आहे, म्हणून ०.०१. सवयीने तिथे ०.०२ लिहिले की पातळ्या ०.८०, १.४०, १.८०, २.०० येतात. आकडे पटण्यासारखे, वळण सुरेख, उत्तर चूक. पडताळणी एका ओळीची: ओळ ० धरून सर्व भारांची बेरीज ०.०००२ × ४०० = ०.०८ आली पाहिजे. प्रत्येक वेळी ही बेरीज छापून घ्यायची.

१५ ऑक्टोबर

नोडवर नेमके उत्तर आले म्हणून हुरळून जायचे कारण नाही. एका मितीत, घटकात प स्थिर असताना आणि संकलने नेमकी केली असताना असे होते, एवढेच. नोडच्या मध्ये चूक आहेच: ५० मीटरवर खरी पातळी ०.३७५, आपली ०.३५०. फरक २.५ सेंमी, म्हणजे भ × (घटकाची लांबी)² / ८प. लांबी निम्मी केली की चूक चौपट घटते. ५० मीटरच्या घटकांनी ती ०.६ सेंमीवर येते.

उताराची चूक मात्र फक्त निम्मी होते, आणि खरा घोटाळा तिथे आहे. नाल्यात दर मीटर काठामागे रोज किती पाणी पाझरते? पहिल्या घटकाचा उतार ०.७०/१०० = ०.००७, गुणिले १० म्हणजे ०.०७ घनमीटर. वरून मुरलेले पाणी तर ०.०८ आहे. साडेबारा टक्के पाणी गेले कुठे?

कुठेच गेले नाही. बाजूला ठेवलेली ओळ ० काढा. तिच्या डाव्या बाजूला ०.१ × (० − ०.७०) = −०.०७. त्या नोडच्या वाट्याचे भरण ०.०१. ताळेबंद जुळायला नाल्यातून ०.०७ + ०.०१ = ०.०८ बाहेर गेले पाहिजे. अगदी नेमके. घटकाचा उतार घटकाच्या मध्यावर खरा असतो, टोकावर नाही. म्हणून सीमेवरचा प्रवाह नेहमी काढून ठेवलेल्या ओळीतून घ्यायचा. बाजारातल्या आज्ञावल्यांची रंगीत चित्रे उतारावरून काढलेली असतात, त्यांवरून पाण्याचा हिशेब मांडू नये.

२० ऑक्टोबर

नाल्याकडचा भाग जास्त पाझरणारा: पहिल्या २०० मीटरमध्ये प = ४०, पुढे १०. बदलायचे ते फक्त पहिल्या दोन घटकांचे गुणक, ०.१ ऐवजी ०.४. पातळ्या ०.१७५, ०.३०, ०.६०, ०.७०. सांध्यावर उतार मोडतो, प्रवाह मोडत नाही. वीक फॉर्मने हे न सांगता सांभाळले.

सांधा नोडवर नसेल तर? समजा तो २५० मीटरवर आहे आणि नोड २०० व ३०० वर. नेहमीचे संकलन त्या घटकात पची साधी सरासरी घेते, २५. त्या घटकातली चढण १२ सेंमी येते, खरी आहे १६.९ सेंमी. पाणी दोन्ही मातींतून एकामागून एक जाते, त्यामुळे अडथळ्यांची बेरीज होते. हरात्मक माध्य १६ घेतले तर १८.७५ सेंमी येते, जास्त जवळ, तरी नेमके नाहीच, कारण भरणामुळे प्रवाह घटकातच बदलतो. खरा उपाय साधा आहे: माती बदलते तिथे नोड ठेवा. धुऱ्यांवरून नोड ठरवण्याचा मोह होतो. मुरमाला धुरे ठाऊक नसतात.

२ नोव्हेंबर

पाऊस थांबला, भ = ०. आता काळाचे पद: जमिनीतून निथळणारे पाणी सा × (पातळीचा बदल). सा म्हणजे पातळी उतरल्यावर थराच्या आकारमानाचा जेवढा हिस्सा पाणी म्हणून निथळतो तो. मुरमाळ बेसाल्टसाठी सा साधारण २ टक्के धरतात, ०.०२. प/सा = ५०० चौरस मीटर प्रतिदिन.

साठ्याचा मॅट्रिक्स एका घटकासाठी (सा × १००/६) × [ २ १, १ २ ]. काळात बॅकवर्ड ऑयलर, म्हणजे प्रवाह पायरीच्या शेवटच्या पातळ्यांवरून धरायचा (पायरी म्हणजे एका वेळी पुढे सरकायचे दिवस): (साठा + पायरी × स्टिफनेस) × नवी पातळी = साठा × जुनी पातळी.

पातळी निम्मी व्हायला लागणारा काळ हातानेही निघतो: सुमारे ९० दिवस. चार घटकांत वरचा मॅट्रिक्स घेतला तर ८८.८ दिवस, प्रत्येक ओळीची बेरीज तिरप्या रेषेवर गोळा केलेला घेतला तर ९१.१. (दोन्हींत काळाची पायरी फार बारीक धरली आहे.) जानेवारीअखेर माथ्याखाली १.६० मीटरचे सुमारे ८३ सेंमी राहतात. हा काळ नाला ते माथा या अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणून लांब उताराची जमीन आखूड उताराच्या जमिनीपेक्षा हळू आटते. बंधाराच रिकामा होऊ लागला तर नोड ० शून्यावर बांधून चालत नाही, मोजलेली पातळी दर पायरीला द्यावी लागते.

नुसत्या पातळ्यांवरून तिन्ही आकडे निघत नाहीत, हे ठळक लिहून ठेवतो. स्थिर पातळी फक्त भ/प सांगते, उतरण फक्त प/सा सांगते. तिन्ही आकडे दुप्पट केले तरी पातळ्या तशाच राहतात. कुठेतरी पाणी घनमीटरमध्ये मोजलेच पाहिजे: नाल्यात व्ही आकाराची खाच बसवून, किंवा विहिरीवर उपसा चाचणी घेऊन.

५ नोव्हेंबर

परीक्षा: सगळीकडे पातळी १ मीटर, आणि पहिल्या क्षणी नाल्याचा नोड एकदम ०. पायरी १ दिवस. एका पायरीनंतर नोड १ वर ०.९३३ आणि नोड २ वर १.०१०. नाला रिकामा केला आणि २०० मीटरवर पाणी १ सेंमी चढले! असे होत नसते.

कारण मॅट्रिक्समध्येच दिसते. शेजारच्या नोडचा गुणक साठ्यातून +०.३३३ आणि स्टिफनेसमधून −०.१, बेरीज धन. तो ऋण किंवा शून्य असेल तरच पातळी मर्यादेत राहण्याची हमी मिळते. त्यासाठी पायरी निदान (लांबी)² / (६ × ५००) = ३.३ दिवस हवी. म्हणजे इथे पायरी लहान केल्याने उत्तर बिघडते, आणि हे पचायला वेळ लागतो, कारण पायरी बारीक केली की अचूकता वाढते अशीच सर्वांची समजूत. दोन वाटा आहेत: नाल्याजवळ घटक बारीक करा, किंवा साठा गोळा करा, म्हणजे प्रत्येक ओळीची बेरीज तिरप्या रेषेवर टाका. गोळा केल्यावर त्याच परीक्षेत ०.९५४ आणि ०.९९८ आले, दोन्ही १ च्या आत. या कामात गोळा केलेला साठाच ठेवला. पातळीचा दीड टक्का इकडेतिकडे चालेल, नाला उपसल्यावर विहीर चढलेली चालणार नाही.

२३ नोव्हेंबर

आता विहीर. व्यास ६ मीटर, म्हणजे त्रिज्या ३. उपसा दिवसाला सरासरी ४० घनमीटर, ३०० मीटरवर पातळी ढळत नाही असे धरले. पाणी चहूकडून येते, म्हणून वीक फॉर्ममध्ये २ × पाय (π) × त्रिज्या हा गुणक येतो आणि घटकाचा मॅट्रिक्स होतो (२ × पाय × प × मध्यत्रिज्या / लांबी) × [ १ −१, −१ १ ]. विहिरीच्या नोडवर भार −४०.

नेमकी घट २.९३ मीटर, नैसर्गिक लॉगॅरिथमच्या सूत्राने. समान लांबीच्या ४ घटकांनी २.०२ आली, ८ घटकांनी २.३६. विहिरीशी पातळीचे वळण फार तीव्र, आणि तिथेच ७४ मीटर लांबीचा एक सरळ तुकडा टाकलेला. घटक गुणोत्तराने वाढवले, म्हणजे नोड ३, ९.५, ३०, ९५ आणि ३०० मीटरवर ठेवले, तर फक्त ४ घटकांनी २.६५ आणि अशाच ८ घटकांनी २.८५ मिळाली. घटक कुठे आहेत हे किती आहेत यापेक्षा जास्त मोलाचे. चूक प्रत्येक वेळी एकाच बाजूला आहे: ठरलेल्या उपशाला ही पद्धत घट कमीच सांगते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही धोक्याची बाजू.

दोन तासांच्या उपशाला हे स्थिर गणित लावू नये. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे २८ घनमीटर. मोटार आधी तेच ओढते. काळाच्या गणितात विहिरीच्या नोडच्या साठ्यात हे २८.३ चौरस मीटर मिळवायचे. ते विसरले तर मोटार लावल्याबरोबर विहीर तळाला गेलेली दिसते.

२८ नोव्हेंबर

वरच्या २.९३ वर विश्वास ठेवण्याआधी एक गोष्ट. ओल्या थराची जाडी ६ मीटर असेल तर प = १० म्हणजे पाझराचा वेग १.६७ मीटर प्रतिदिन. पण पातळी २.९३ मीटर उतरली की विहिरीशी थर निम्मा कोरडा, मग प दहा राहीलच कसा? ड्युपुईच्या १८६३ च्या मांडणीत प ऐवजी वेग × ओली जाडी येते, आणि समीकरण सरळ राहत नाही.

पहिला मार्ग: मागच्या फेरीतल्या जाडीवरून प्रत्येक घटकाचा प काढून पुन्हा सोडवायचे. उपसा जास्त असेल तर मधल्याच फेरीत जाडी ऋण होते आणि कोड कोसळतो. दुसरा मार्ग चांगला. खडकापासून मोजलेल्या जाडीचा अर्धा वर्ग हेच अज्ञात धरा. खडक सपाट असेल तर समीकरण पुन्हा सरळ होते, एका फेरीत सुटते, शेवटी वर्गमूळ घ्यायचे. विहिरीत उरलेले पाणी ०.९ मीटर, घट ५.१ मीटर.

सरळ गणिताने २.९३ सांगितले होते. त्या आकड्यावर विसंबून उपसा थोडा वाढवला असता तर मोटारीने हवा ओढली असती. जाळी कितीही बारीक केली तरी ही चूक गेली नसती, कारण ती समीकरणातली आहे. घट थराच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त दिसली की या प्रकल्पात वर्गाचेच गणित लावायचे.

६ डिसेंबर

दोन मितींची तयारी. पट्ट्याऐवजी पूर्ण शिवार, घटकांऐवजी त्रिकोण. दोन नोडमधला गुणक म्हणजे त्यांच्या बाजूसमोरच्या कोनाचा कोटँजंट × प/२, ऋण चिन्हाने, आणि लगतच्या दोन त्रिकोणांची बेरीज. समोरासमोरच्या दोन कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा जास्त झाली की गुणक धन होतो आणि ५ नोव्हेंबरसारख्याच उलट्या पातळ्या दिसू लागतात. म्हणून डेलॉने पद्धतीची जाळी, जिच्यात ही बेरीज १८० अंशांवर जात नाही. नाल्याच्या वळणावर आणि प्रत्येक विहिरीभोवती नोड दाट करायचे. विहिरीच्या नोडलगतच्या त्रिकोणांचा आकार त्रिज्येशी ताडून पाहायचा, नाहीतर विहिरीची त्रिज्या जाळीच ठरवते.

त्याआधी जागेवरून हवे आहे: नाल्याच्या दोन्ही काठांची पातळी दर ५० मीटरला, माथ्याची रेघ, आणि विहिरी खोदताना पक्का खडक किती फुटांवर लागला ते. ही शेवटची माहिती विहीर खोदणाऱ्यांकडे तोंडी असते. ती फुटांत लिहून घ्यायची, मीटर नंतर कोडमध्ये करायचे.